ध्वनिवर्धकाची दुरुस्ती : एक ऐतिहासिक विचार

(१)

इतिहास म्हणजे केवळ राजांच्या स्वाऱ्या आणि तहांचीं कलमें नव्हेत, ही गोष्ट आतां सर्वमान्य झालेली आहे. चुलीला, दिव्याला, छत्रीला आणि शिवणयंत्रालाहि इतिहास असतो. आणि पुष्कळदां एखाद्या घरगुती वादाचा निकाल त्या वस्तूचा इतिहास पाहिल्यावांचून नीट लागत नाहीं. अशाच एका वादाचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

दिवाणखान्यांतील होम थिएटरचा अँप्लिफायर, ज्याला आपण सोयीसाठीं ध्वनिवर्धक म्हणूं, दहाबारा वर्षें इमानानें चाकरी करतो आणि एके दिवशीं मुका होतो. दुरुस्ती करणारा कारागीर एक आंकडा सांगतो. दुकानदार नव्या पेटीचा दुसरा आंकडा सांगतो. आणि त्या दोन आंकड्यांवरून घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला कशाला? दुसरा म्हणतो, जुनें तें सोनें. म्हणींचा दोष असा कीं, भाषेच्या भांडारांत प्रत्येक बाजूला एकेक म्हण तयार असते, आणि कोणती म्हण कोणत्या प्रसंगीं लागू पडते हें मात्र कोणतीच म्हण सांगत नाहीं. तें ठरविण्यासाठीं पेटींत काय आहे, आणि तें तेथें केव्हां व कसें आलें, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, 'दुरुस्त करावें कीं नवें घ्यावें' हा प्रश्नच मुळीं फार जुना नाहीं. आपल्या गांवगाड्यांत सुतार, लोहार, चांभार हे बलुतेदार कुणब्याचीं अवजारें वर्षभर नीट ठेवीत आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें बलुतें घेत. फाळाला धार लावण्याची किंवा मोटेला ठिगळ देण्याची प्रत्येक वेळीं निराळी किंमत पडत नसे. म्हणून दुरुस्ती परवडते कीं नाहीं, असा हिशेब करण्याचें कारणच उत्पन्न होत नसे. ह्या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचा येथें हेतु नाहीं. तिच्यांत जातीचें जोखड होतें, आणि कारागिराला आपल्या कौशल्याचें मोल स्वतः ठरविण्याची मोकळीक नव्हती. शहरांतील कल्हईवाला आणि पिंजारी रोख पैसे घेत. पण तेथेंहि नव्या तांब्याच्या भांड्याच्या किंमतीपुढें कल्हईचे पैसे इतके अल्प असत कीं, वादाला जागा नव्हती. नव्या वस्तूची किंमत खालीं खालीं येऊन जेव्हां दुरुस्तीच्या मजुरीच्या शेजारीं बसली, तेव्हांच हा प्रश्न जन्मास आला. ध्वनिवर्धकाच्या बाबतींत ती वेळ कशी आली, तें आतां पाहूं.

(२)

पेटीचें झांकण काढून आंत पाहिलें, तर एकाच छपराखालीं दोन बिऱ्हाडें नांदत असलेलीं दिसतात. एका बाजूला जड ट्रान्सफॉर्मर, जाडजूड कंडेन्सर आणि अल्युमिनियमच्या पात्यांना जखडलेले ट्रान्झिस्टर असतात. दुबळ्या विद्युत्संकेताला बळ देऊन त्याच्याकडून स्पीकर हलवून घेणें, हें ह्या बिऱ्हाडाचें काम. दुसऱ्या बाजूला पातळ बोर्ड आणि त्यांवर मुंग्यांप्रमाणें दाटीनें बसविलेल्या चिप्स असतात. तबकडींतून किंवा तारेंतून आलेले आंकडे वाचून कोणता आवाज कोणत्या स्पीकरकडे धाडावयाचा, हें ठरविणें हें त्या बिऱ्हाडाचें काम. दोघांचा पत्ता एक असला, तरी त्यांचीं वयें निराळीं आणि भवितव्यें त्याहून निराळीं आहेत. आणि आमच्या मतें सगळ्या वादाची किल्ली येथेंच आहे.

पहिल्या बिऱ्हाडाची वंशावळ मोठी आहे. सन १९०४ मध्यें जॉन अँब्रोज फ्लेमिंग यानें दोन विद्युदग्रांचा व्हाल्व्ह सिद्ध केला. १९०६ मध्यें अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्यांत तिसरें अग्र घालून 'ऑडिऑन' बनविला. ह्या तिसऱ्या, जाळीसारख्या अग्रामुळें लहानशा संकेतानें मोठ्या प्रवाहावर हुकमत चालवितां येऊं लागली, आणि वर्धनाची विद्या जन्मास आली. १९१५ च्या जानेवारींत न्यूयॉर्क आणि सान फ्रान्सिस्को यांच्यामध्यें टेलिफोनवर बोलणें सुरू झालें, तें ह्याच व्हाल्व्हांच्या बळावर. १९२७ मध्यें 'द जॅझ सिंगर' आला आणि मूकपटांचे दिवस भरले. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला, आणि १९३२ मध्यें प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या चित्रानें पडद्यावर मराठी वाणी ऐकविली. पडद्यामागच्या कर्ण्यांना आवाज पुरविणारीं त्या काळचीं यंत्रें हींच आपल्या दिवाणखान्यांतील पेटीचे पूर्वज होत.

तथापि हे पूर्वज बोलत असत ते घोगऱ्या आवाजानें. संकेत वाढे, पण वाढतांना त्याचा आकार बिघडे. ह्यावर उपाय सांपडला तो एका नावेंत. २ ऑगस्ट १९२७ रोजीं हॅरल्ड ब्लॅक नांवाचा बेल प्रयोगशाळेंतील तरुण इंजिनियर हडसन नदी ओलांडून कामावर चालला असतां त्याला अशी कल्पना सुचली कीं, यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या संकेताचा कांहीं अंश उलटा करून पुन्हा प्रवेशद्वाराशीं आणून सोडावा, म्हणजे यंत्राची चूक यंत्राकडूनच खोडली जाईल. हातांत वर्तमानपत्र होतें. त्याच्याच पानावर त्यानें आकृति काढिली. वाढीचा मोठा भाग खर्चीं घालून शुद्धता विकत घेण्याचा हा व्यवहार त्या वेळच्या शहाण्यांना इतका विपरीत वाटला कीं, त्याचें पेटंट हातीं पडण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. पुढें १९४७ मध्यें विल्यमसन यानें 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकांत ह्याच तत्त्वावरील एका उत्कृष्ट ध्वनिवर्धकाची मांडणी प्रसिद्ध केली, आणि जगांतील असंख्य हौशी लोकांनीं ती घरीं जुळविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांचा ट्रान्झिस्टर जन्मला, ज्यासाठीं त्या तिघांना १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर स्वस्त आणि भरंवशाचे झाल्यावर सन १९७० नंतरच्या दशकांत ही विद्या जवळजवळ पूर्णत्वास पोंचली. त्यानंतर यंत्र हलकें झालें, कमी तापूं लागलें, वीज कमी खाऊं लागलें; परंतु त्या काळचा उत्तम ध्वनिवर्धक आज सुस्थितींत असेल, तर योग्य स्पीकर जोडून माफक आवाजांत ऐकणाऱ्या माणसाला त्याच्यांत उणें काढण्यास फारसें कांहीं सांपडणार नाहीं. सारांश, हें बिऱ्हाड वाड्याच्या सागवानी खांबांसारखें आहे. तें सावकाश जुनें होतें.

(३)

दुसऱ्या बिऱ्हाडाची कथा अगदीं वेगळी. आवाज प्रेक्षकाच्या चोहों बाजूंनीं यावा, ही हौस जुनीच आहे. डिस्नेनें १९४० मध्यें 'फँटेशिया' साठीं 'फँटासाउंड' नांवाची खर्चिक योजना उभारली होती, पण ती थोड्याच चित्रगृहांपुरती राहिली. ही हौस घराघरांत नेण्याचें श्रेय मुख्यतः रे डॉल्बी याच्याकडे जातें. वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, १९६५ मध्यें लंडनला आपली प्रयोगशाळा काढण्यापूर्वीं हा गृहस्थ दोन वर्षें हिंदुस्थानांत होता. युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून चंदिगड येथील वैज्ञानिक उपकरणांच्या केंद्रीय संस्थेच्या उभारणींत त्यानें साहाय्य केलें. त्याच्या प्रयोगशाळेचें पहिलें काम ध्वनिमुद्रणांतील खरखर कमी करण्याचें. पुढें चार दिशांचा आवाज फिल्मवरील दोन पट्ट्यांत गुंडाळून ठेवण्याची युक्ति तिनें प्रचारांत आणली, आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स' नें तिचा डंका सर्वत्र वाजविला.

तेथून पुढें सालांची जणूं शर्यतच लागली. १९८२ मध्यें ही गुंडाळी घरीं उलगडणारी यंत्रें आलीं. १९८७ मध्यें तिची 'प्रो लॉजिक' ही सुधारलेली आवृत्ति निघाली. १९९२ मध्यें 'बॅटमॅन रिटर्न्स' बरोबर आंकड्यांत सांठविलेला डॉल्बीचा आवाज चित्रगृहांत आला, तर १९९३ मध्यें 'जुरासिक पार्क' बरोबर डीटीएस हा प्रतिस्पर्धी उभा राहिला. १९९६ च्या अखेरीस जपानांत डीव्हीडी विक्रीस आली, आणि होम थिएटर ही श्रीमंतांची चैन मध्यम वर्गाच्या आटोक्यांत येऊं लागली. १९८३ मध्यें तोशिबानें काढलेली प्रकाशाची तार आतांपर्यंत पुरेशी होती. २००२ मध्यें चित्र आणि आवाज एकत्र वाहणारी एचडीएमआय तार आली, आणि तिच्याहि आवृत्त्या २००९, २०१३, २०१७ अशा एकामागून एक निघत गेल्या. २०१२ मध्यें छतावरूनहि आवाज उतरविणारी 'अ‍ॅटमॉस' पद्धति चित्रगृहांत आली आणि दोनच वर्षांनीं ती घरांत शिरली.

ह्या शर्यतींत पेटीची स्थिति मोठी चमत्कारिक झाली. फोर-के चित्रें आलीं तेव्हां त्यांच्यावर नक्कल रोखणारें एचडीसीपीचें नवें कुलूप घातलेलें होतें, आणि आदल्या पिढींतील पेट्यांजवळ त्या कुलपाची किल्ली नव्हती. त्यांचे ट्रान्झिस्टर ठणठणीत, ट्रान्सफॉर्मर शाबूत. पण दाराशीं आलेला पाहुणा आंत घेतां येईना. पेटी बिघडली नव्हती. तिच्याभोंवतालचें जग बदललें होतें. हें दुसरें बिऱ्हाड कौलांसारखें आहे. कोंकणांत दर पावसाळ्यापूर्वीं घर शाकारावें लागतें, फुटकीं कौलें काढून नवीं घालावीं लागतात. परंतु कौल फुटलें म्हणून खांबांसकट वाडा पाडणारा मनुष्य कोंकणांत अद्याप कोणीं पाहिलेला नाहीं. होम थिएटरच्या व्यापारांत मात्र नेमकें हेंच घडलें. खांब आणि कौलें एकाच पेटींत ठोकून बसविल्यामुळें कौलांचें आयुष्य तेंच खांबांचें आयुष्य ठरलें.

(४)

आतां दुरुस्तीच्या विद्येकडे वळूं. व्हाल्व्हच्या काळीं रेडिओच्या पेटींत कोणता व्हाल्व्ह कोठें बसतो याचा नकाशा पुष्कळदां कागदावर छापून आंतच चिकटविलेला असे. व्हाल्व्ह हा भाग झिजणार, हें कारखानदारानें गृहीतच धरलेलें होतें. म्हणून तो सॉकेटांत बसविलेला असे आणि घरमालक स्वतः तो उपसून दुकानांत तपासून आणीत असे. ट्रान्झिस्टर आला तो डाख देऊन पक्का बसविलेला. तथापि तो डोळ्यांना दिसे, हातांत धरतां येई, आणि एखाद्या मीटरच्या साहाय्यानें हुशार कारागीर त्याची नाडी पाहूं शके. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची पासोड्या विठोबाजवळची बाजारपेठ यांची भरभराट ह्याच काळांत झाली. पुढें चिपचे पाय तिच्या पोटाखालीं गेले. तिच्या आंत जी आज्ञावली असते ती कारखान्याबाहेर कोणाला मिळेना. आणि सर्किटचा नकाशा ही गुप्त वस्तु होऊन बसली.

असें असलें तरी पेटीचे नेहमींचे आजार फारसे गूढ नाहींत, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या बिऱ्हाडाचे आहेत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्यें ओला द्रव असतो. तो उष्णतेनें हळूहळू सुकतो. ज्या कंडेन्सरला १०५ अंश सेल्सिअसवर २००० तासांचें आयुष्य नेमून दिलेलें असतें, त्याचें आयुष्य उष्णता दर दहा अंशांनीं उतरली कीं साधारणतः दुप्पट होतें, असा ठोकताळा आहे. ह्या हिशेबानें ७५ अंशांवर तो १६,००० तास टिकेल आणि ६५ अंशांवर ३२,००० तास. रोज चार तास पेटी चालली, तर पहिला आंकडा अकरा वर्षांचा होतो आणि दुसरा जवळजवळ बावीस वर्षांचा. शोभेसाठीं बंद कपाटांत कोंडलेली पेटी आणि मोकळ्या हवेंत ठेवलेली पेटी यांच्या आयुष्यांत जें अंतर पडतें, त्याचें रहस्य पुष्कळ अंशीं एवढेंच आहे. दुसरा आजार रिलेचा : स्पीकर जोडणाऱ्या त्याच्या टोकांवर काजळी धरते आणि एका बाजूचा आवाज येतो-जातो. तिसरा आजार डाखेचा : तापण्यानिवण्यानें ती तडकते. युरोपांत १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध आल्यावर जगभर बिनशिशाची डाख प्रचारांत आली. ती अधिक कडक असते आणि तिची विद्या कारखान्यांच्या हातीं नीट बसण्यास कांहीं काळ जावा लागला. ह्याच सुमारास, म्हणजे सन २००० च्या आगेंमागें कांहीं वर्षें, सदोष द्रवाचे कंडेन्सर लक्षावधि यंत्रांत शिरले होते. तेव्हां त्या काळांतील पेटी अकालीं मुकी झाली, तर तिचें सर्वच अंग निकामी झालें असें मानण्याचें कारण नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या घरची पेटी चौदा वर्षांची झाली तेव्हां तापल्यावर बंद पडूं लागली. कंपनीच्या अधिकृत केंद्रानें ती न उघडतांच सुटे भाग मिळत नाहींत, असें सांगितलें. पेठेंतल्या एका वृद्ध कारागिरानें ती दोन दिवस ठेवून घेतली, रिलेपाशीं तडकलेली डाख शोधून काढली, आणि नव्या पेटीच्या किंमतीच्या विसाव्या हिश्शाहूनहि कमी मजुरी घेतली. ह्यावरून सर्व कारागीर थोर आणि सर्व कंपन्या लबाड, असा निष्कर्ष काढणें बाळबोधपणाचें होईल. त्याच कारागिरापुढें आमच्या एका स्नेह्यानें आपली पेटी ठेवली, तेव्हां त्यानें एचडीएमआयची चिप गेली आहे असें ओळखून, "साहेब, ह्यांत पैसे घालूं नका," असें सांगून ती परत केली. दोन्ही उत्तरें त्यानें पेटी उघडल्यावर दिलीं, हें महत्त्वाचें. निदान आधीं आणि निर्णय नंतर, हा वैद्यकाचा नियम येथेंहि लागू आहे. परंतु निदानाचे वेगळे पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नाहीं, आणि कारागिराचें खरें ज्ञान तर निदानांतच असतें. डाख देणें हें पांच मिनिटांचें काम; ती कोठें द्यावयाची हें कळण्यास तीस वर्षें लागतात. हे तीस वर्षांचे पैसे आपण कोणीं देत नाहीं, म्हणून त्याचा मुलगा त्या गाळ्यावर बसत नाहीं.

(५)

नवी पेटी स्वस्त कां झाली, याचीं दोन उत्तरें दिलीं जातात. पहिलें उत्तर कटाचें आहे. त्याला आधार नाहीं असें नाहीं. डिसेंबर १९२४ मध्यें जिनीव्हा येथें विजेच्या दिव्यांच्या प्रमुख कारखानदारांनीं 'फीबस' नांवाचा संघ स्थापून दिव्याचें आयुष्य १००० तासांवर आणण्याचें ठरविलें, आणि ज्याचे दिवे जास्त टिकत त्याला दंड करण्याची तजवीज केली. १९३२ मध्यें मंदीनें गांजलेल्या अमेरिकेंत बर्नार्ड लंडन या गृहस्थानें तर एक पुस्तिका लिहून अशी सूचना केली कीं, वस्तूंचें आयुष्य कायद्यानेंच ठरवावें आणि मुदत संपलेल्या वस्तु मोडून टाकाव्या, म्हणजे कारखाने चालतील. १९६० मध्यें व्हान्स पॅकर्ड यानें 'द वेस्ट मेकर्स' या ग्रंथांत ह्या वृत्तीवर कडाडून टीका केली.

परंतु ध्वनिवर्धकाच्या बाबतींत दुसरें उत्तर अधिक पटण्याजोगें आहे, आणि तें अर्थशास्त्राचें आहे. १९६६ मध्यें बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनीं नाट्य-संगीतादि कलांच्या आर्थिक अडचणींवर ग्रंथ लिहिला. त्यांतील मुख्य सिद्धान्त साधा आहे. कारखान्यांत एका मजुराच्या हातून निघणारा माल वर्षानुवर्षें वाढत जातो. पण चौघां वादकांनीं वाजवावयाची रचना शंभर वर्षांपूर्वीं जितका वेळ आणि जितकीं माणसें घेत होती, तितकींच आजहि घेते. वादकांनाहि इतरांबरोबर वाढती मिळकत द्यावी लागते. म्हणून वादन तुलनेनें महाग होत जातें. दुरुस्तीचेंहि तसेंच आहे. नवा बोर्ड यंत्र भरतें. त्याला पाहतां पाहतां हजारों भाग चिकटतात. बिघडलेला बोर्ड मात्र प्रत्येक वेळीं निराळ्या जागीं बिघडलेला असतो, आणि तो तपासणारा मनुष्य आजोबाच्या काळीं जितका वेळ घेई तितकाच आजहि घेतो, किंबहुना अधिकच. ह्यांत कोणाचा कट नाहीं. तरी परिणाम कटासारखाच होतो. आपल्या देशांत दुरुस्ती अद्याप परवडते ती कारागिराची मजुरी अल्प आहे म्हणून, ही गोष्ट अभिमानाची नव्हे.

आणि नव्या पेटीच्या किंमतींत एक रक्कम धरलेली नसते : जुनीच्या उत्तरक्रियेचा खर्च. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें जगांत ६ कोटी २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग कोठें जातो, हें ज्यानें दिल्लीच्या सीलमपुरांत जाळलेल्या तारांचा धूर पाहिला आहे त्याला सांगावयास नको. आपल्याकडे ह्या कचऱ्याचे नियम प्रथम २०११ मध्यें झाले आणि पुढें २०१६ व २०२२ मध्यें बदलून आले. ते मुख्यतः वस्तु मेल्यानंतरचे संस्कार सांगतात. वस्तु मरूं नये म्हणून जी चळवळ आहे ती त्याहून अलीकडची. २००९ मध्यें आम्स्टरडॅम येथें मार्टिना पोस्टमा या बाईंनीं शेजाऱ्यांनीं एकत्र बसून वस्तु दुरुस्त करण्याचें 'रिपेअर कॅफे' काढलें. २०२१ पासून फ्रान्सनें कांहीं वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणें सक्तीचें केलें. डिसेंबर २०२२ मध्यें भारत सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं माहितीचें एक दालन उघडलें. आणि २०२४ मध्यें युरोपीय संघानें त्या हक्काचा निर्देश संमत केला. ह्या निर्देशांत धुलाईयंत्र आहे, शीतकपाट आहे, फोन आहे. ध्वनिवर्धकाचें नांव त्या यादींत नाहीं. तेव्हां आपल्या प्रश्नाचा निकाल आपणांसच लावला पाहिजे.

(६)

वरील इतिहासावरून जो निकाल निघतो तो येणेंप्रमाणें. प्रथम दोन आंकड्यांची तुलना करूं नये. प्रथम कोणतें बिऱ्हाड आजारी आहे तें विचारावें, आणि हें सांगण्यासाठीं कारागिरानें पेटी उघडली पाहिजे. तिच्या कंडेन्सरांत वीज बंद केल्यावरहि बराच वेळ घातक भार राहतो, म्हणून हें काम हौसेनें स्वतः करूं नये. आणि उघडून पाहण्याचे पैसे, दुरुस्ती होवो अगर न होवो, त्याला आनंदानें द्यावे.

आजार पहिल्या बिऱ्हाडाचा असेल, म्हणजे कंडेन्सर सुकले असतील, रिले काजळला असेल, डाख तडकली असेल, तर वयाकडे न पाहतां दुरुस्त करावें. ह्या विद्येंत नवें विकत घेण्यासारखें थोडें आहे. जें आहे त्याच्यांतील बरेंचसें आपल्या पेटींत आधींच बसलेलें आहे. ट्रान्झिस्टर जळले असतील तर थोडें जपावें. मूळ जातीचे ट्रान्झिस्टर पुष्कळदां बनण्याचे बंद झालेले असतात आणि त्यांच्या नांवाचे बनावट बाजारांत सुळसुळाट करतात. कारागीर भरंवशाचा नसेल तर एकदां बदललेले पुन्हा जळतात, आणि कधीं कधीं स्पीकरहि बरोबर नेतात. ट्रान्सफॉर्मरच जळाला असेल, तर बहुधा हात जोडावे.

आजार दुसऱ्या बिऱ्हाडाचा असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरूं नये. पण म्हणून पेटी टाकण्याचीहि घाई करूं नये. केवळ एचडीएमआयचें दार बंद झालें असेल, तर खेळविणारें यंत्र सरळ टीव्हीला जोडावें आणि टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या तारेनें पेटींत आणावा. छतावरचा आवाज मिळणार नाहीं, पण पांच दिशांचा आवाज बहुधा मिळेल, आणि बहुतेक घरांत छताला स्पीकर नसतातच. तेंहि दार गेलें असेल आणि पाठीमागचे लाल-पांढरे सॉकेट तेवढे जिवंत असतील, तर पेटीला दोन स्पीकरांची संगीताची पेटी म्हणून निवृत्तिवेतन द्यावें. गाण्याच्या बैठकीस दोन स्पीकर पुरे होतात. पेटीचा मेंदूच गेला आणि ती सुरूच होईना, तर मात्र नवी घ्यावी, आणि जुनी भंगारवाल्याच्या हातगाडीवर न घालतां नोंदणीकृत संकलकाकडे पोंचवावी.

नवी घेतांना तरी पूर्वींचा प्रमाद टाळतां येईल काय? अंशतः येईल. खांब आणि कौलें एका पेटींत असावीं असा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं. ती दुकानदाराची सोय आहे. आंकडे उलगडणारा भाग निराळा आणि वर्धन करणारा भाग निराळा, अशी जोडी आजहि मिळते. ती आरंभीं महाग पडते आणि तारा वाढतात, हें खरें. परंतु पुढच्या वेळीं बदलावा लागेल तो फक्त पहिला भाग. इतकें करणें ज्याला शक्य नसेल त्यानें निदान पेटीच्या पाठीमागें जुन्या पद्धतीचे सॉकेट आहेत कीं नाहींत हें पाहावें, ती मोकळ्या हवेंत ठेवावी, आणि दुकानांत दोन प्रश्न विचारावे : सुटे भाग किती वर्षें मिळतील, आणि सर्किटचा नकाशा कारागिराला मिळेल काय? आज दुकानदार ह्या प्रश्नांनीं गोंधळून जाईल. रेडिओच्या पेटींत आंत चिकटविलेला कागद होता, त्या काळीं गिऱ्हाइकाला ते विचारण्याची गरज पडत नव्हती. पुरेशा गिऱ्हाइकांनीं ते विचारल्यावांचून तो कागद पेटींत परत येणार नाहीं.